पेरलेला देवभात

लग्न होऊन जबलपूरला आले तेव्हा माझ्याजवळ वनस्पतिशास्त्राची पदवी होती आणि ती ठेवायची कुठे हा प्रश्न होता. क्वार्टरच्या दोन खोल्यांत भांडी, गाद्या, सासूबाईंचे देव आणि ह्यांची सायकल मावल्यावर पदवीला जागा उरत नव्हती. शेवटी राइट टाउनमधल्या एका मुलींच्या शाळेनं ती ठेवून घेतली. तिथे मी मुलींना पानांचे प्रकार शिकवीत असे. वर्गात पानं नसत, तक्ता असे.

पानं होती ती आमच्या वसाहतीमागच्या तलावात. कांचघरकडे जाणारा रस्ता आणि लष्करी सामानाच्या कारखान्याची भिंत यांच्या मधोमध तो तलाव होता. हे त्याच कारखान्यात चार्जमन. तलावाला गावाचं एक जुनं नाव होतं, पण कारखान्याच्या कागदांत तो नुसता जलाशय होता. गणवेश चढवल्यावर माणसाला हुद्द्यानं ओळखतात, तसं. खोल पाण्यात कमळं होती, त्यांच्या मोठ्या पानांवरून लांब बोटांचे कमळपक्षी चालत जात. अलीकडे पांढरी पोयणी. त्याच्याही अलीकडे शिंगाड्याचे वेल. काठाला पाणकणीस आणि नाळीची भाजी. मधल्या निवळ पाण्यात एक पिवळ्या फुलांची वनस्पती होती, ती मला फार आवडे. पाण्याखाली तिला बारीक पिशव्या असतात, त्यांत ती किडे पकडते आणि वर अगदी साधं, निरागस फूल काढते. वसाहतीत अशी माणसंही होती.

पण घरात महत्त्व होतं ते एकाच गवताला. कमळं आणि काठ यांच्यामध्ये, गुडघाभर पाण्यात, पावसाळ्यात ते उगवे. दिसायला भातासारखं, कारण ते भातच होतं. कोणी न लावलेलं, कोणाचंही नसलेलं. लोंब्यांना लांब लाल कुसळं असत. दाणा पिकला की लगेच गळून पाण्यात पडतो. म्हणून तलावात शिंगाडे करणारी ढीमरीण, म्हणजे तिकडची कोळीण, दाणा कच्चा असतानाच लोंब्यांच्या जुड्या बांधून ठेवी आणि दसऱ्यानंतर होडी घेऊन टोपलीत झाडून आणी. सासूबाई त्याला देवभात म्हणत. शेजारच्या भाभी त्यालाच पसही म्हणत. भाभींना तो हरछठच्या उपासाला लागे, सासूबाईंना ऋषिपंचमीला. दोन्ही उपासांचा कायदा साधारण एकच, की त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. नांगर लागलेली जमीन वर्ज्य. आदल्या वर्षीचा देवभात मडक्यात जपून ठेवायचा आणि भाद्रपदात काढायचा.

माझ्या पुस्तकात त्याचं लॅटिन नाव होतं, आणि आपल्या ताटातल्या भाताचा तो रानातला आप्त आहे असं लिहिलेलं होतं. हे मी एकदा सासूबाईंना सांगितलं.

"म्हणजे आपला भात याच्यापासून झाला?"

"हो."

"मग देवाचाच झाला ना. तुझ्या पुस्तकानं नवीन काय सांगितलं?"

सराफ्याच्या बाजूला किराणा-जडीबुटी विकणाऱ्या एका पंसाऱ्याकडे पसही विकत मिळे, पण त्यावर सासूबाईंचा काडीचा विश्वास नव्हता. कोणाच्या बांधावरचा झाडून आणतो कोण जाणे, म्हणत. तलावातला देवभात त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला होता. विदर्भातल्या त्यांच्या माहेरीही गावतळ्यात तो होता, आणि मला वाटतं, जबलपुरात त्यांचं असं म्हणण्यासारखं तेवढंच होतं. बाकी सगळं कारखान्याचं. क्वार्टर, पाणी, भोंगा, मुलगासुद्धा.

पासष्टला पाकिस्तानशी लढाई सुरू झाली. कारखान्यात जादा पाळ्या लागल्या. हे घरी येत ते फक्त कपडे बदलायला. खिडक्यांना काळे कागद लागले, सायकलच्या दिव्याची वरची अर्धी काच काळी रंगवून आणायची होती. वसाहतीत एक संरक्षण समिती निघाली. ज्यांना कारखान्यात कोणी विचारीत नसे त्यांना दंडावर पट्टे आणि गळ्यात शिट्ट्या मिळाल्या. अध्यक्ष म्हणून एक मोठे साहेब होते. ते हातात छडी घेऊन क्लबच्या हॉलमध्ये नकाशासमोर उभे राहत. नकाशा वसाहतीचाच होता, पण छडी ठेवली की तो सीमेचा वाटे.

एका सभेत कोणीतरी उठून म्हणालं, "साहब, खिड़कियाँ तो काली कर लीं, लेकिन तालाब का क्या? चाँदनी में ऊपर से आईने जैसा चमकता है. दुश्मन सीधा देख लेगा, बगल में कारखाना है."

तलाव इतकी वर्षं उघडपणे चमकत होता आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

तलाव बुजवावा असं एकानं सुचवलं. ताडपत्री घालावी असं दुसऱ्यानं. मग एक साहेब म्हणाले, की त्यांनी बंगालमध्ये जलकुंभी पाहिली आहे, पाण्यावर हिरवी सतरंजी अंथरल्यासारखी पसरते, वर जांभळी फुलं येतात, खर्च शून्य. जलकुंभी म्हणजे आपली जलपर्णी. शहरातल्या दुसऱ्या एका डबक्यात ती होतीच, ट्रक पाठवायचा तेवढा. त्या वेळी अध्यक्षांना आठवलं, की चार्जमनची बायको वनस्पतिशास्त्र शिकलेली आहे. ह्यांना निरोप आला आणि पुढच्या सभेला मला नेण्यात आलं. पहिल्या रांगेत खुर्ची दिली. एखाद्या तज्ज्ञाला खुर्ची देतात तेव्हा निर्णय आधीच झालेला असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"बहनजी, ये जलकुंभी जल्दी फैलती है क्या?"

मी म्हटलं, फार लवकर. पंधरवड्यात दुप्पट होऊ शकते. एकदा शिरली की निघत नाही. खालचा उजेड बंद होतो, पाण्यातली हवा संपते, कमळ, पोयणी, शिंगाडा, मासे, सगळं गुदमरतं. ती आपल्या देशातली नाही, तिला इथे खाणारं कोणी नाही.

अध्यक्षांनी छडी टेबलावर ठेवली. चेहरा उजळला होता.

"दुगनी हो जाती है? पंद्रह दिन में? और कोई हटा भी नहीं सकता?"

"हो, म्हणजे... जी हाँ, लेकिन..."

"बहुत बढ़िया. जेंटलमेन, एक्सपर्ट ओपिनियन आपने सुन ली."

टाळ्या झाल्या. हेही टाळी वाजवीत होते. घरी येताना मी विचारलं, काहून वाजवली? म्हणाले, "सगळे वाजवून राहिले होते. आणि तू बोललीस चांगलं."

तीन-चार ट्रक जलकुंभी येऊन पडली. समितीच्या पट्टेवाल्यांनी ती बांबूंनी आत ढकलली आणि शिट्ट्या वाजवल्या. कशासाठी ते कळलं नाही. ढीमरीण काठावर उभी होती. तिनं विचारलं, "साहब, मेरा सिंघाड़ा?" एक पट्टेवाला म्हणाला, "देश बड़ा कि सिंघाड़ा?" ती म्हणाली, "देश सिंघाड़ा नहीं खाता क्या?" त्याच्यापाशी शिट्टी होती, ती त्यानं वाजवली.

मग लढाई थांबली. रेडिओवर बातमी आली, खिडक्यांचे कागद निघाले, सायकलचे दिवे खरवडले गेले. जलकुंभीला मात्र युद्धविराम कोणी कळवला नाही. त्या दसऱ्यानंतर ढीमरीण देवभात झाडायला गेली तेव्हा होडीच्या पुढे हिरवा थर सरकत होता. जुड्या बांधलेल्या होत्या त्यांतल्या अर्ध्या खाली दबल्या होत्या. आमच्या वाट्याला एक लहान मडकं भरेल एवढा दाणा आला. सासूबाईंनी तो हातात घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी काय करशील?"

प्रश्न मला होता. वनस्पती म्हटली की घरात माझ्याकडे बघत.

मी समितीकडे गेले. समिती बरखास्त झालेली नव्हती, कारण पट्टे कोणी परत मागितले नव्हते. म्हटलं, आता काढायला हवी. चिटणीस सज्जन होते. त्यांनी मला समजावलं, की घालण्याचा आदेश 'पुढील आदेशापर्यंत' असा होता, आणि पुढील आदेश कोणी द्यायचा हे आदेशात लिहिलेलं नाही. शिवाय जलकुंभी आता संरक्षणाच्या कामासाठी आणलेला माल होता, तो कोणाला तरी परत घ्यावा लागेल. स्टोअर म्हणे, आम्ही दिला नाही. बागकाम विभाग म्हणे, पाणी आमच्याकडे नाही. पाणीपुरवठा म्हणे, हे पाणी पिण्याचं नाही. मी ह्यांच्या मागे लागले तर हे म्हणत, "मी फाउंड्रीत आहे." जणू फाउंड्रीतल्या माणसाला तलाव दिसत नाही.

पुढच्या पावसाळ्यात तलाव दिसेनासाच झाला. कमळाची पानं जलकुंभीतून कोपर वर काढल्यासारखी इथे-तिथे दिसत, मग तीही दिसेनात. पोयणी संपली. माझं पिवळं फूल संपलं. कमळपक्षी जलकुंभीवर चालून पाहत आणि उडून जात. फुलं मात्र खरोखर सुंदर आली, फिकट जांभळी, वरच्या पाकळीवर पिवळा डोळा. संध्याकाळी साहेबांच्या बायका तिथे फिरायला येऊ लागल्या. पूर्वी तिकडे चिखल म्हणून कोणी फिरकत नसे. एकीनं मला सांगितलं, "आपने ही लगवाई थी ना? कितना प्यारा लगता है." तलावातली अमुक-अमुक वनस्पती मेली, हे दुःख सांगायचं तर आधी ती होती हे सांगावं लागतं.

देवभात उगवलाच नाही. तो पाण्याखालच्या चिखलातून येतो. वर थर जमला की खाली उजेड नाही, कोंब तिथेच कुजतो.

त्याच सुमारास समितीनं श्रमदान केलं. कोणीतरी वरचे पाहुणे येणार होते आणि डासांची तक्रार त्यांच्यापर्यंत गेली होती. मंडप, सतरंज्या, लाउडस्पीकर, पेढे. पाहुण्यांनी बाह्या सारल्या आणि काठावरची एक जलकुंभी उपटली. फोटोग्राफर म्हणाला, "सर, एक बार और." त्यांनी तीच पाण्यात ठेवून पुन्हा उपटली. माझ्या माहितीप्रमाणे त्या दिवशी पूर्णपणे निघालेली ती एकमेव जलकुंभी. मजुरांनी उपसलेले ढीग मात्र काठावर तसेच राहिले. दोन दिवसांनी पाऊस आला आणि ते ढीग आपल्या पायांनी घरी गेले.

तेव्हा मी ठरवलं, की तलावाचं मला काही करता येत नसेल तर भाताचं तरी करीन. मडक्यातले थोडे दाणे मी सासूबाईंच्या नकळत बाजूला काढून ठेवलेले होते. भंगारात विकलेली एक पत्र्याची टाकी, कारखान्यात यंत्राचे भाग धुवायची, ह्यांनी आणून दिली. लग्नानंतर त्यांनी मला आणलेली ही सर्वांत उपयोगी वस्तू. सोड्यानं ती धुऊन काढली, तलावाच्या काठचा चिखल भरला, पाणी घातलं, क्वार्टरच्या मागे ठेवली. पुढच्या ज्येष्ठात दाणे त्यात पेरले. उगवतील की नाही याची खात्री नव्हती. उगवले. भाभींची म्हैस एकदा तोंड लावून गेली, तेव्हा मी त्याभोवती जुन्या मच्छरदाणीचं कुंपण केलं. आश्विनात लोंब्या आल्या, लाल कुसळांसकट. मी ढीमरिणीसारख्या जुड्या बांधल्या. तिच्याइतक्या नीट नाहीत, पण बांधल्या. दोन-चार पसे दाणा निघाला. मला इतका आनंद पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

जुना देवभात त्या भाद्रपदातच संपला होता. म्हणून पुढच्या ऋषिपंचमीला मी माझा काढला. सकाळी सासूबाई न्हाऊन बसल्या होत्या. परातीत दाणा पाहून त्यांचे डोळे लुकलुकले.

"कुठून आणला गं? तलावात तर काही नाही."

मी टाकीचं सांगितलं. त्यांनी अर्थातच टाकी पाहिली होती, पण ती माझ्या शाळेच्या कामाची आहे असं समजून होत्या.

"म्हणजे तू पेरला?"

"हो. पण बैल कुठे होता? नांगर कुठे होता? पत्र्याच्या टाकीत बैल शिरेल का?"

"बैलाचं सोड. माणसानं पेरलं म्हणजे झाली शेती. मग बैल असो की तू."

"आई, तोच भात आहे. त्याच तलावातला दाणा, त्याच तलावाचा चिखल."

"भात तोच आहे गं. पण हा देवाचा नाही, तुझा आहे. उद्या करू खीर. आज नाही चालत."

मी चिडले. खरंच चिडले. समितीवर इतकी चिडले नव्हते. समितीकडून मला काही अपेक्षाच नव्हती. म्हटलं, तुमच्या साहेबांचा आदेश आणि तुमच्या ऋषींचा आदेश, दोन्ही सारखेच, खाली सही करणारा कुणी सापडत नाही. पृथ्वीच्या पाठीवर या तलावाचा भात आता फक्त माझ्या टाकीत आहे, आणि घरातला माणूसच तो नाकारून राहिला आहे. त्या दिवशी सासूबाईंनी नुसतं दही आणि केळ खाल्लं. मीही काही शिजवलं नाही. ह्यांनी कारखान्याच्या कँटीनमध्ये जेवून घेतलं आणि कोणाचीच बाजू न घेतल्याबद्दल दोघींचाही राग ओढवून घेतला.

दुपारी सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. परात त्यांच्या हातात होती. भाभीही दाराशी होत्या. हरछठला या वर्षी त्यांना पंसाऱ्याचा पसही खावा लागला होता आणि त्याचं दुःख त्या रोज सांगत.

सासूबाई म्हणाल्या, "असं कर. हा दाणा तलावात सांड."

भाभी दचकल्या. "साँड? अम्माजी, तालाब में साँड कहाँ से आ गया? व्रत में तो बैल का नाम भी नहीं लेते!"

"अगं, साँड नाही, सांड. गिरा दो. हाथ से गिर गया, ऐसा." मग माझ्याकडे वळून, "पेरू नको. पेरला तर तुझा होतो. हातून सांडला तर कोणाचा? कोणाचाच नाही. मग उगवला तर तो आपल्या मनानं उगवला."

मी म्हटलं, "म्हणजे मुद्दाम चुकून सांडायचा."

"हां."

"ही फसवणूक नाही?"

"कोणाची? देवाला सगळं माहीत आहे. तुझ्या साहेबांना काही माहीत नाही. मग फसलं कोण?"

त्यात काय चूक आहे ते मला शोधून काढता आलं नाही, अजूनही येत नाही.

दाण्यांतला थोडा मी मागे ठेवला, एवढी अक्कल मला शास्त्रानं दिली होती. बाकीचा घेऊन आम्ही तिघी तलावावर गेलो. ढीमरिणीनं घाटाजवळच्या एका कोपऱ्यात बांबू रोवून जलकुंभी अडवून धरली होती, थोडे शिंगाडे तरी व्हावेत म्हणून. तेवढंच पाणी उघडं होतं. सासूबाई पायरीवर उभ्या राहिल्या, परात तिरकी केली आणि "अगं बाई" म्हणाल्या. इतका खोटा "अगं बाई" मी आयुष्यात ऐकला नाही. दाणे पाण्यात गेले. कुसळांमुळे काही क्षण तरंगले, मग बुडाले.

पुढच्या आषाढात मी शाळेतून परस्पर तलावावर गेले. बांबूंच्या आत पाण्याबाहेर पाती आली होती. टाकीतल्यापेक्षा दणकट. मी चपला काढून तशीच आत उतरले. बांबूंमधून जलकुंभीची पिल्लं शिरली होती आणि पात्यांभोवती कोंडाळं करून होती. एक उपटली, दुसरीला हात घातला तोच वरून सासूबाईंचा आवाज आला. त्या माझ्यामागून कधी आल्या कळलंच नाही.

"हात लावू नको! निंदणी केली तर शेत झालं!"

मी तशीच उभी राहिले, गुडघाभर पाण्यात, हातात जलकुंभी. त्या क्षणी मला वाटलं, मरो तो भात, मरो ती पंचमी, मी नागपूरला माहेरी जाते आणि तक्त्यावरची पानं शिकवते. शत्रूच्या विमानांपासून तलाव वाचवणाऱ्यांनी तो मारला होता, आणि त्यातला भात वाचवावा तर जलकुंभी राहू दिली तर तो मरत होता, काढली तर शेती ठरत होता.

ढीमरीण पलीकडे शिंगाड्याच्या वेलांत होती. तिनं हे ऐकलं, कमरेवर हात ठेवून आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अम्मा, बहनजी निंदाई कहाँ कर रही हैं? वो तो मेरी नाव के लिए रास्ता बना रही हैं."

सासूबाईंनी विचार केला. "नावेसाठी?"

"और क्या. नाव निकलेगी नहीं तो खाएँगे क्या?"

"मग ठीक आहे," सासूबाई म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. "कर रस्ता. रुंद कर जरा. त्या डाव्या बाजूचं राहिलं."

तेव्हापासून दर रविवारी मी तिथे नावेसाठी रस्ता करू लागले. नाव त्या पावसाळ्यात काठावर पालथी पडलेली होती, तळाची फळी कुजली म्हणून. वसाहतीतले लोक थांबून बघत. एकदा जुन्या समितीतले एक पट्टेवाले सायकलवरून उतरले आणि म्हणाले, की हे काढायला परवानगी लागते, आदेश अजून लागू आहे. मी म्हटलं, मी काढत नाही, इकडची तिकडे ठेवते. त्यांनी गळ्याशी हात नेला. शिट्टी बहुतेक घरी राहिली होती.

दसऱ्यानंतर ढीमरिणीनं टोपली आणून दिली. भाभींचा वाटा काढला, तिचा काढला, उरलेला सासूबाईंनी मडक्यात भरला आणि तोंडाला फडकं बांधलं. मग एक मूठ पुन्हा बाहेर काढून माझ्या हातात ठेवली.

"ही तुझ्या टाकीला," त्या म्हणाल्या. "तिथे पेर. तिथे चालतं."

पुढच्या ज्येष्ठात मी तो टाकीत पेरला. तलाव अजून सगळा हिरवाच होता, घाटाजवळचा तो कोपरा सोडला तर.